बाटली तर काचेचीच असते ना?

कात्रप, बदलापूर पूर्व
१२ जानेवारी २०२५

शलाका,
जनाआत्याचा जयभीम.

पाकीट बघून घाबरली असशील, आत्याला काय झालं म्हणून. काही झालेलं नाही, फक्त कान गेलेत. मशीन लावलं की पंखा ऐकू येतो, माणूस नाही. फोनवर मी 'हॅलो, हॅलो' करत बसते आणि पलीकडचा कंटाळतो. मोबाइलवर मोठ्या कष्टाने चार ओळी लिहाव्यात, तर तुम्ही लोक एक अंगठा दाखवून मोकळे होता. आयुष्यभर शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं मी. अंगठ्यावर माझं समाधान होत नाही, म्हणून हे पत्र.

तुझे बाबा रविवारी अंबरनाथहून आले होते. आनंदनगरच्या रंगाच्या कंपनीत इतकी वर्षं काढूनही बुद्धभूषणच्या नखांतला निळा रंग काही जात नाही. मी विचारलं, "शलाका पुण्यात नेमकं करते काय?" म्हणाला, "ताई, ती जांभळी पावडर पाण्यात घालते आणि उजेड पाडते." एवढ्यासाठी सरकार तुला शिष्यवृत्ती देतं? बिल्डिंगमधल्या बाया विचारतात तेव्हा मी 'केमिस्ट्री' म्हणून विषय बदलते. मला खरं काय ते लिही. सहावीच्या वर्गाला सांगतेस असं समजून लिही, कारण वाचणाऱ्या आम्ही दोघी आहोत. महेंद्रची वैष्णवी आता चौथीत आहे. महेंद्र आणि किर्ती कामावर गेले की आम्ही दोघीच घरी. ती पोरगी पक्की घरकोंबडी झाली आहे. खाली सगळी पोरं खेळतात आणि ही आतल्या खोलीत लादीवर लोळत असते. तुझं पत्र आलं तर तेवढाच तिचा वेळ जाईल.

तुझी,
जनाआत्या

---

पुणे
२४ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझं पत्र लॅबमध्ये सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. एकाने तर तिकिटाचा फोटो काढला.

बाबांनी सांगितलं ते खोटं नाही. पावडर जांभळी आहे आणि तिचं नाव पॉर्फिरिन. पानांचा हिरवा रंग आणि आपल्या रक्ताचा लाल रंग हे याच खानदानातले. पॉर्फिरिनचा कण म्हणजे एक सपाट कडं, मध्ये भोक असलेलं. रक्तात त्या भोकात लोखंड बसतं, पानात मॅग्नेशियम. मी वापरते त्यात भोक रिकामंच असतं.

गंमत अशी की ही कडी पाण्यात सोडून अंधारात ठेवली की आपली आपणच एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या बारीक नळ्या तयार होतात. मी हातही लावत नाही. सकाळी येऊन बघावं तर नळ्या तयार! मग त्यांच्यावर उजेड टाकायचा. उजेड पडला की कड्यातला एक इलेक्ट्रॉन उसळतो. समज, हातात तव्यावरची भाकरी आली. धरवत नाही, ठेवायला जागा नाही. शेजारी कुणी ताट घेऊन उभं असेल तर भाकरी त्याच्याकडे जाते, तिथून पुढच्याकडे. असा इलेक्ट्रॉन पुढे पुढे नेता आला, तर उन्हातून वीज काढता येईल. पानं हेच करतात. आम्ही त्यांची नक्कल करतोय.

अडचण एकच. शेजारी ताटवाला नसेल तर भाकरी भलत्याच्याच अंगावर पडते, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनवर. तो मग असा पिसाळतो की माझ्या नळ्याच तोडून टाकतो. म्हणून मी बाटल्यांना बाहेरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून ठेवते. माझं कपाट बघून लोक म्हणतात, हिने डबे भरून ठेवलेत.

मला हा नाद लागला तो बाबांमुळे. त्यांचा कंपनीतला निळा शर्ट दोरीवर वाळायचा आणि उन्हाच्या बाजूनेच विटायचा. मी विचारायचे, रंग गेला कुठे? ते म्हणायचे, "उन्हाने खाल्ला." ऊन रंग कसं खातं, ते अजून शोधतेय.

वैष्णवीला सांग, तुला काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचार.

तुझी,
शलाका

---

कात्रप
९ फेब्रुवारी २०२५

शलाका,

पत्र वैष्णवीला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग तिचा एकच प्रश्न, "आजी, उन्हात त्या पावडरला दुखतं का?" तुझ्या भाकरीने हे केलं बघ. मी म्हटलं, पावडरला कसलं दुखतंय?

पण यामागे एक कथा आहे. आता तुला सांगतेच, कारण तुझी मदत हवी आहे. ही पोरगी उन्हाची नाटकं करते. लहानपणापासून थोडं होतंच, पण आता कहर झाला. शाळेत सव्वीस जानेवारीच्या कवायतीची तालीम होती. मैदानातून ही रडत पळाली आणि नळाखाली हात धरून बसली. हात जळतात म्हणे! बाईंनी पाहिले तर ना फोड, ना चट्टा. जरासे लाल, तेही चोळून झाले असतील. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या दिल्या, महागडं क्रीम दिलं, कशाचा उपयोग नाही. किर्तीच्या आईने तर येऊन लिंबू उतरवून टाकलं. माझ्या घरात लिंबू! तुझे आजोबा असते तर त्यांनी ते लिंबू उचलून सरबत करून प्यायलं असतं. चिंचेखाली भूत आहे म्हणाले, तर तिथे खाट टाकून झोपणारा माणूस तो. आपल्या घरात ऐकीव काही मानत नाहीत, तपासून बघतात.

म्हणून मीही तपासलं. रविवारी सकाळी तिच्या हातांना ते क्रीम नीट लावलं. हॉलची काचेची खिडकी घट्ट बंद केली आणि तिला काचेआड गोष्टीचं पुस्तक देऊन बसवलं. काचेतून ऊन बाधत नाही, हे मी किती वर्षं शिकवलं असेल. तरी थोड्याच वेळात सुरू झालं, "आजी, आग होते." झालं, चोरी सापडली. आणि आणखी एक पुरावा सांगते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत संध्याकाळपासून रात्रीपर्यंत ही बया नाचते. तेव्हा काही जळत नाही!

मी तिला वहीत एक पानभर लिहायला लावलं, 'मी खोटं बोलणार नाही.' तिने लिहिलं, पण तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. शाळेने सांगितलंय, असंच चाललं तर पुढच्या वर्षासाठी दुसरी शाळा बघा. महेंद्र घरात चिडतो, किर्ती रडते. ती तुला मानते. तू तिला चार शब्द लिही की उन्हाला भ्यायचं नसतं.

आत्या

---

पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय वैष्णवी,

तुझा प्रश्न फार आवडला. पावडरला दुखत नाही, कारण दुखायला मज्जातंतू लागतात आणि ते तिच्याकडे नाहीत. तुझ्याकडे आहेत. पण ऊन तसं वाईट नाही. उन्हामुळे हाडं घट्ट होतात, झाडं वाढतात. मी तुझ्याएवढी असताना अंबरनाथला दिवसभर उन्हात खेळायचे आणि काळीकुट्ट होऊन घरी यायचे. तू रोज थोडं थोडं उन्हात जाऊन बघ. भीती अशीच जाते. मग काय झालं ते मला कळव.

तुझी,
शलाकाआत्या

---

बदलापूर
२ मार्च

शलाकाआत्या,

पत्ता मी तुझ्या पाकिटावरून घेतला. हे पत्र तुझ्या बाबांकडे, भूषणआजोबांकडे, गुपचूप देणार आहे. आजीला सांगू नकोस.

तू सांगितलंस म्हणून मी थोडं थोडं उन्हात गेले. भीती गेली पण दुखणं नाही गेलं. आधी मुंग्या येतात, मग आतून सुया टोचतात. बाहेरून काही दिसत नाही. रात्री चादर लागली तरी दुखतं. लादीवर हात ठेवले की जरा बरं वाटतं, म्हणून मी लादीवर झोपते. मी घरकोंबडी नाही. मला लगोरी येते.

मला तुझ्या पत्रातलं एक कळलं नाही. आजी म्हणते काचेतून ऊन बाधत नाही. मग तू बाटलीला फॉइल का गुंडाळतेस? बाटली तर काचेचीच असते ना?

म्हणून मी पण तपासलं. मम्मीच्या किचनमधलं फॉइल घेतलं आणि डाव्या हाताला गुंडाळलं. उजवा तसाच ठेवला. खिडकी बंद करून बसले. उजवा हात जळला. डावा नाही जळला. मग दुसऱ्या रविवारी हात बदलले. तेव्हा डावा जळला.

मी आजीला नाही सांगितलं. ती म्हणेल परत नाटक. तू सांग, मी खोटी आहे का?

वैष्णवी

---

पुणे
५ मार्च २०२५

आत्या,

वैष्णवीचं पत्र मला आजच मिळालं. तिने तुला सांगू नको म्हटलंय, पण मी तिचा शब्द मोडतेय. तिला रागावू नकोस, माझ्यावर राग काढ. मूर्ख मी आहे. रोज हातात हीच पावडर घेऊन बसते आणि त्या पोरीला लिहिलं, उन्हात जा.

तिने केलेला प्रयोग सोबतच्या पत्रात तूच वाच. आमच्या लॅबमध्ये कुणी याहून नीट केला नसता. एक हात झाकला, एक उघडा ठेवला आणि नंतर हात बदलले! नाटक करणारी पोर हात बदलून कशाला बघेल, आणि तेही कुणाला न सांगता?

आता माझं नीट ऐक. नेहमी आपली कातडी ज्या उजेडाने भाजते तो काच बराचसा अडवते, क्रीमही अडवतं. पण पॉर्फिरिन ज्याच्यावर उसळतं तो जांभळा उजेड काचेतून आरपार येतो. म्हणून तर माझ्या काचेच्या बाटल्यांना फॉइल लागतं. आणि पॉर्फिरिन आपल्या सगळ्यांच्या रक्तात तयार होतं, त्याच्या भोकात लोखंड बसलं की त्याचा रक्तातला लाल रंग होतो. काही थोड्या माणसांत जन्मतःच लोखंड बसवण्याचं काम कमी पडतं. मग रिकामी कडी रक्तात साचतात, कातडीपर्यंत पोचतात. ऊन पडलं की भाकरी उसळते, शेजारी ताटवाला कुणी नसतो, आणि ती पडते ऑक्सिजनवर. माझ्या नळ्या तुटतात तसं तिच्या हातात आत काहीतरी होतं. माझ्या नळ्यांना दुखत नाही. तिला दुखतं. तिने पहिल्याच पत्राला हेच विचारलं होतं आणि मी हसले.

आत्या, तुझाही प्रयोग चुकला नव्हता. क्रीम लावून, काचेआडसुद्धा जळलं, ही तर सगळ्यात मोठी खूण होती. आपण निष्कर्ष उलटा काढला. आणि मिरवणूक संध्याकाळी निघते.

मी डॉक्टर नाही, हे मी नुसतं ओळखतेय. रक्तातलं पॉर्फिरिन मोजायची तपासणी असते. महेंद्रदादाला फोन केला. तो म्हणाला, "आईला लिही, ती हो म्हणाली तर घर हो म्हणेल." म्हणून लिहिते. एकच लक्षात ठेव, रक्त काढल्याबरोबर नळीला फॉइल गुंडाळायला सांग. हे विसरू नकोस.

शलाका

---

कात्रप
२५ मार्च २०२५

शलाका,

तुझं पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मग उठून तपासणीला गेलो. रिपोर्ट काल आला. नॉर्मल आहे. मी चष्मा पुसून पुसून वाचला.

तू सांगितल्याप्रमाणे फॉइल घेऊन गेले होते मी. इथल्या लॅबमधला मुलगा हसला. "काय आजी, ब्लड आहे, डब्बा थोडीच पॅक करायचाय! टेन्शन मत लो." मलाही लाज वाटली आणि मी फॉइल पर्समध्ये ठेवलं. त्याने नळी खिडकीतल्या स्टँडला लावली. मुंबईला नेणारा माणूस दुपारी यायचा होता. आम्ही निघताना बघितलं, उन्हात ती नळी अगदी डाळिंबासारखी चमकत होती.

आता मी काय समजू? तुझं खरं की कागदाचं? कागद समोर ठेवल्यावर किर्तीने पोरीकडे असं पाहिलं की मला बघवलं नाही. वैष्णवी रडली नाही. आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. मला तिचं खरं निघायला हवंय, हे मला त्या बंद दारापाशी उभं राहून कळलं.

शाळेला या महिन्यात उत्तर द्यायचंय.

आत्या

---

पुणे
२८ मार्च २०२५

आत्या,

नळी उन्हात चमकत होती! उजेडात पॉर्फिरिन टिकत नाही गं. उन्हाने ते खाल्लं. बाबांच्या शर्टाचा रंग खाल्ला तसंच. दुपारपर्यंत नळीत मोजायला उरलंच काय असेल?

तो कागद नळीबद्दल सांगतो, वैष्णवीबद्दल नाही.

मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात त्वचेचा विभाग आहे, तिथे जा. मी तिथल्या एका डॉक्टरबाईंशी बोलले आहे. आणि या वेळी कुणीही हसलं तरी फॉइल तू स्वतः गुंडाळ. तुला ऐकू येत नाही ना? मग हसणंही ऐकू नकोस.

वैष्णवीला एवढंच सांग, 'तू खोटी आहेस का' या प्रश्नाचं माझं उत्तर आहे, नाही. रिपोर्ट काहीही येवो.

शलाका

---

कात्रप
२० एप्रिल २०२५

माझ्या शहाण्या पोरी,
आत्याचा मनापासून जयभीम.

तुला महेंद्रने फोनवर सगळं सांगितलंच आहे. तरी माझ्याकडून ऐक, कारण त्याला सांगताना काही नीट जमत नाही.

आम्ही पहाटेच निघालो. वैष्णवीला पूर्ण बाह्यांचा ड्रेस, हातमोजे आणि वर माझी काळी छत्री. रक्त काढणाऱ्या बाईने नळी हातातून खाली ठेवायच्या आत मी ती धरली. पर्समधलं फॉइल काढलं आणि पोळ्या गुंडाळतात तशी गुंडाळली, दोन्ही टोकं दुमडून. ती बाई काहीतरी बोलली. मशीन मी आधीच काढून ठेवलं होतं.

मग मशीन परत कानात घातलं. तुझ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावलं. खोलीत अंधार केला. रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन यंत्राखाली ठेवला आणि त्यावर जांभळा उजेड सोडला. समोरच्या पडद्यावर दिसत होतं. आधी काळोख. मग त्यात लाल ठिपके पेटले. एक, दोन, मग कितीतरी. आणि आम्ही बघतोय तोवर एकेक विझत गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, हेच ते, आणि हे असंच उजेडात नाहीसं होतं. खरा आकडा नंतर आला, तो खूप मोठा होता. पण मला आकड्याची गरज उरली नव्हती. आजाराचं नाव लांबलचक आहे. तो बरा होत नाही, सांभाळता येतो. यकृतावर लक्ष ठेवायचं, रक्त तपासत राहायचं. ऊन टाळायचं. टाळणं हे नाटक नाही, औषध आहे, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

वैष्णवी पडद्यासमोरून हलेना. "आजी, हे माझ्या आत आहे?" असं तिने विचारलं. मी मान हलवली. म्हणाली, "छान दिसतं." शलाका, इतकी वर्षं ज्याने तिला जाळलं त्याला ती पोरगी छान म्हणाली.

तो कागद घेऊन मी स्वतः शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाई माझ्याहून बऱ्याच लहान आहेत, उभ्या राहिल्या. शाळा बदलायची नाही. कवायतीऐवजी वैष्णवी व्हरांड्यात ढोल वाजवणार. घरच्या खिडक्यांना महेंद्रने जांभळा उजेड अडवणारी पिवळी फिल्म लावून घेतली आहे. सगळं घर आमरसात बुडाल्यासारखं दिसतं, पण ती आता हॉलमध्ये बसते. संध्याकाळी दिवेलागणीला ती खाली जाते आणि खालची पोरं तोवर लगोरीचा डाव राखून ठेवतात. किर्तीच्या आईला मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे रक्तातच होतं, बाहेरचं नव्हतं." एवढं मानलं तरी पुष्कळ झालं.

चौदा तारखेला मिरवणुकीत ती नेहमीसारखी नाचली. मी कडेला उभी राहून बघत होते. मागच्या वर्षीच्या याच नाचण्याला मी पुरावा म्हणाले होते. तिच्याकडे बघून मला माझीच कीव आली. तपासायला मी सगळं तपासलं. क्रीम लावलं, काच लावली, घड्याळ लावलं. तिला जवळ घेऊन 'कसं दुखतं गं' हे मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं.

मिरवणुकीहून आल्यावर मी तिची ती वही काढली. 'मी खोटं बोलणार नाही' ने भरलेल्या पानाच्या समोरचं पान कोरं होतं. मी पेन घेतलं आणि त्यावर लिहायला बसले, 'वैष्णवी खरं बोलत होती.' पानभर लिहायचं ठरवलं होतं. तिला पानभर लिहायला लावलं, तर मलाही तेवढंच हवं. ती शेजारी येऊन उभी राहिली. दोन ओळी होईपर्यंत बघत राहिली. तिसऱ्या ओळीला तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

मला नीट ऐकू यावं म्हणून कानाशी तोंड आणून म्हणाली, "बस ना आजी, हात दुखेल तुझा."

तुझी,
जनाआत्या